खिशातला फितूर

गिऱ्हाईक दुकानात आले की त्याची नजर कुठे रेंगाळते, हे गल्ल्यावरचा शेठ पूर्वीही टिपत असे. पण तेव्हा गिऱ्हाइकालाही शेठ दिसत असे. अमेरिकेतील नॉर्डस्ट्रॉम या दुकानसाखळीने 2012 मध्ये 17 दुकानांत जो प्रयोग सुरू केला, त्यात ही समोरासमोरची नजर उरली नव्हती.

युक्ती साधी होती. वाय-फाय चालू असलेला मोबाइल ओळखीचे नेटवर्क शोधण्यासाठी अधूनमधून साद घालतो. त्या सादेबरोबर मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राला कारखान्यातच मिळालेला 48 बिटांचा क्रमांक, बाहेर पडत असे. दुकानातले सेन्सर ती साद टिपत. तिच्या कमीअधिक जोरावरून मोबाइल कुठे आहे याचा अदमास येई. कोण कोणत्या विभागात किती वेळ थांबले, पुन्हा कधी आले, हे त्यातून कळे. त्यासाठी दुकानाच्या वाय-फायला जोडून घेण्याचीही गरज नव्हती.

नॉर्डस्ट्रॉमने तशी पाटी लावली. तक्रारी आल्या आणि मे 2013 मध्ये प्रयोग थांबला.

या व्यवसायाचा बचाव ठरलेला असतो : आम्हाला नाव कळत नाही, नुसता क्रमांक कळतो आणि तोही आम्ही सांकेतिक रूपात बदलून ठेवतो. पण एका क्रमांकाचे सांकेतिक रूप दर वेळी तेच येत असेल, तर ते त्या माणसाचे दुसरे नावच झाले. नोमी टेक्नॉलॉजीज या कंपनीने 2013 च्या पहिल्या नऊ महिन्यांत सुमारे 90 लाख मोबाइलची माहिती अशीच गोळा केली. नकार देण्याची सोय दुकानातही मिळेल, असे तिचे आश्वासन होते. प्रत्यक्षात ती नव्हती. 2015 मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली. ठपका होता तो आश्वासन न पाळल्याचा. पाळत ठेवल्याचा नव्हे.

2014 मध्ये ॲपलने आणि पुढे अँड्रॉइडनेही साद घालताना बदलता, बनावट क्रमांक वापरायला सुरुवात केली. ही वाट अरुंद झाली, तरी दुकानांची ॲप आणि ब्लूटूथ या वाटा उघड्याच राहिल्या.

म्हणून मला नॉर्डस्ट्रॉमची ती पाटी मोलाची वाटते. पाटी होती म्हणून गिऱ्हाइकाला कळले, कळले म्हणून तक्रार करता आली. पाटीच नसेल, तर तक्रारही नसते. आणि मग त्या मौनालाच संमती म्हणणे दुकानदाराला सोपे जाते.