नावेची गादी घरच्या मशीनवर

मैत्रिणींनो, आपला गोंदिया तलावांचा जिल्हा. नवेगावबांधला नावेत बसून आलेल्यांना ठाऊक आहे, ओली, उसवलेली गादी किती नकोशी वाटते ते! सालेकसा भागातल्या बचत गटांनी हे काम मनावर घ्यावं. घरच्या मशीनवर जमतं.

अशी गादी बहुधा शिवणीतच आधी उसवते. सुती दोरा ओलाव्यानं कुजतो, म्हणून पॉलिस्टरचा दोरा घ्या. सुई १६ नंबरची, टाका लांब. बारीक टाक्यांनी रेक्झिनला भोकांची रांग पडते नि तिथूनच ते फाटतं. टाचण्यांचीही भोकं बुजत नाहीत. कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. जाड थरांवर पायडल नको, हातानं चाक फिरवा. खाली जाळीचं कापड, मागे प्लास्टिकची चेन लावली की पाणी निथळतं, फोम काढून वाळवता येतो.

मात्र ही गादी बसण्यापुरतीच, बुडताना तारणारी नव्हे. लेकरांना लाइफ जॅकेट हवंच.

आणि हो, कापड, दोरा, फोम यांच्यासोबत आपल्या मेहनतीचे पैसेही हिशेबात धरा. 'घरचंच मशीन' म्हणून शिलाई सोडू नका!