गॅसचा वास नाकाला कळतो कसा?

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. सिलिंडरमधले प्रोपेन आणि ब्युटेन नाकाला कळत नाहीत, म्हणून त्यांत इथाइल मरकॅप्टन हे गंधकयुक्त रसायन किंचित मिसळतात. हवेच्या एक अब्ज रेणूंमागे त्याचा एखादा रेणू असला, तरी गॅस सुटल्याचं घरात पाऊल टाकताच कळतं. इतक्या क्षीण खुणेतून मेंदूला समजेल असा विजेचा संदेश तयार होतो, हे मला शरीरातल्या सर्वांत देखण्या यंत्रणांपैकी एक वाटतं.

नाकाच्या पोकळीच्या अगदी वर, डोळ्यांच्या मधल्या पातळीवर, घ्राणपेशींचा छोटा पट्टा असतो. या लाखो पेशी म्हणजे अस्सल चेतापेशी. त्यांच्या टोकांचे केसासारखे तंतू शेंबडाच्या पातळ थरात पसरलेले असतात. मरकॅप्टनचा रेणू आधी या ओलाव्यात विरघळतो आणि मग तंतूंवरच्या ग्राहक प्रथिनाला चिकटतो. माणसात अशा प्रथिनांचे सुमारे ४०० प्रकार आहेत, आणि एका पेशीवर साधारणपणे एकच प्रकार असतो. त्यांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली. २००४ चं नोबेल त्यांना मिळालं.

रेणू चिकटला की ग्राहकाचा आकार किंचित बदलतो. त्यामुळे पेशीच्या आत जी-प्रथिन जागं होतं, ते एका विकराला कामाला लावतं आणि तो विकर ‘सीएएमपी’ नावाचे छोटे रेणू भराभर बनवू लागतो. हे रेणू तंतूच्या पडद्यातल्या मार्गिका उघडतात. विजेची सुरुवात इथे होते. शांत पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋणभारित असते. मार्गिका उघडताच सोडियम आणि कॅल्शियमचे धनभारित आयन आत घुसतात आणि तो ऋणभार कमी होतो.

पण एवढ्याने भागत नाही. आत आलेलं कॅल्शियम क्लोराइडच्या वेगळ्या मार्गिका उघडतं. बहुतेक प्रौढ चेतापेशींत क्लोराइड आत येतं आणि पेशीला शांत करतं. घ्राणपेशीने मात्र क्लोराइडचा साठा आधीच करून ठेवलेला असतो, त्यामुळे इथे ते बाहेर पडतं. ऋणभार बाहेर गेला म्हणजे पेशी आणखी उत्तेजित झाली. क्षीण संकेत असा मोठा होतो. ठरावीक मर्यादा ओलांडली की विद्युतस्पंद सुटतात आणि चाळणीसारख्या हाडाच्या छिद्रांतून वर घ्राणकंदात, म्हणजे थेट मेंदूत, पोचतात. कुठल्या पेशी किती चेतल्या, या एकंदर नमुन्यावरून मेंदू वास ओळखतो.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. संकेत वाढवणारं हेच कॅल्शियम थोड्याच वेळात तो दाबूही लागतं. कॅल्मोड्युलिन या प्रथिनाशी जोडून ते सीएएमपीच्या मार्गिकांची संवेदना कमी करतं. वास तेवढाच असूनही पेशी मंदावते. शिवाय मेंदूही सततच्या वासाकडे दुर्लक्ष करू लागतो. त्यामुळे गळती चालू असतानाही वास विरल्यासारखा वाटू शकतो.

म्हणून गॅसचा वास एकदा आला आणि मग येईनासा झाला, तर गळती थांबली असं समजू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका, आणि घराबाहेर येऊन १९०६ वर फोन करा.