हुणसूरची खतावणी

हिशेब शिकायला मोठे शहर लागते, हा आपल्याकडचा एक चिवट समज. तो घालवायचा असेल तर म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणारी बस पकडावी आणि साधारण ४५ किलोमीटरवर, लक्ष्मणतीर्थ नदीकाठच्या हुणसूरला उतरावे. मला जुन्या कीर्द-खतावण्यांचे वेड आहे. लोक म्हैसूरला राजवाडा पाहायला जातात, मी मात्र व्यवहार कुठे लिहिला जातो ते शोधत फिरतो.

या मुलखात कारकुनीला मोठा मान होता. हैदर अलीच्या काळात राज्याचे महसुली हिशेब कन्नडबरोबर मराठीतही ठेवले जात. फारसी आणली ती टिपूने. त्या दोघांच्याही खजिन्याचा कारभार पाहिलेले आणि १७९९ नंतर म्हैसूरचे दिवाण झालेले पूर्णय्या यांनी सुरुवात केली ती एका व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहून. नोकरीच्या पहिल्या पायरीला नाके मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. खुद्द हुणसूरला अमृतमहाल गुरांच्या, म्हणजे लष्करी वाहतुकीसाठी पोसलेल्या सरकारी बैलांच्या, खात्याचे ठाणे होते. लष्करासाठी कातडी सामान, कांबळी आणि गाड्या तयार करणारे सरकारी कारखानेही इथे होते. ते १८६४ मध्ये बंद झाले.

आता हिशेब शिकायचा कुठे, याची थोडी कर्तव्य म्हणून द्यायची माहिती. कम्युनिटी कॉलेज, म्हणजे स्थानिक कामधंद्याला लागणारे शिक्षण गावातच देणारे कॉलेज, ही कल्पना अमेरिकेची. आपल्याकडे चेन्नईत १९९६ साली तसे कॉलेज निघाले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ च्या सुमारास योजना आणली. कर्नाटकातल्या तालुक्याच्या गावी तीच गरज भागवते ते सरकारी ‘फर्स्ट ग्रेड कॉलेज’. हुणसूरच्या कॉलेजला याच तालुक्यातले माजी मुख्यमंत्री देवराज अर्स यांचे नाव आहे. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, अकाउंटन्सी, मग म्हैसूर विद्यापीठाची बी.कॉम., असा सरळ रस्ता. झाले.

मला बोलायचे आहे ते तंबाखूच्या लिलावाबद्दल.

हुणसूर भागात भट्टीत वाळवली जाणारी व्हर्जिनिया तंबाखू पिकते आणि तिचा लिलाव तंबाखू मंडळाच्या देखरेखीखाली होतो. मंडळ १९७६ चे, कर्नाटकातला लिलाव १९८४ पासूनचा. आपल्या निपाणीला बिडीच्या तंबाखूसाठी १९८१ मध्ये शेतकऱ्यांना शरद जोशींच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरावे लागले, कारण भाव व्यापारी म्हणेल तो. हुणसूरला गाठी ओळीने मांडलेल्या असतात, प्रत्येकीला चिठ्ठी, प्रत आणि वजन. शेतकरी आपल्या गाठीपाशी उभा असतो आणि भाव त्याच्यादेखत ठरतो. पूर्वी हाक मारून बोली लागे, आता यंत्रावर लागते. तंबाखूचे मला कौतुक नाही, पण हिशेबाची इतकी चोख शाळा मी दुसरी पाहिली नाही.

समजा, १२० किलोची गाठ २५० रुपये किलोने गेली. ३०,००० रुपये झाले. खरेदीदाराच्या वहीत खरेदी नावे, शेतकरी जमा. मग त्यातून मंडळाचे सेवाशुल्क वजा, खतासाठी काढलेल्या पीककर्जाची वसुली वजा, आणि उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या बँक खात्यात. शिवाय जीएसटीत तंबाखूच्या पानांवर उलट आकारणी, म्हणजे विकणाऱ्या शेतकऱ्याऐवजी कर भरायचा तो नोंदणीकृत खरेदीदाराने. पुस्तकात हे प्रकरण पोरांना रडवते. ज्याच्या बापाने सकाळी गाठ विकली, त्याला ते संध्याकाळी पट्टी हातात घेऊन समजते.

अशा पोराला पहिली नोकरी कसली मिळते? कुठल्याशा गोदामात, खताच्या दुकानात, सहकारी संस्थेत किंवा म्हैसूरच्या एखाद्या कर सल्लागाराकडे. काम ठरलेले : व्हाउचर चढवणे, बँकेच्या खात्याशी मेळ घालणे, ७ तारखेच्या आत टीडीएस, ११ ला विक्रीचे विवरण, २० ला जीएसटीचा भरणा. २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून या तारखांनी छोट्या गावांतही हिशेबनिसाची गरज वाढवली. हत्यार बहुतेक ठिकाणी टॅली, तेही शेजारच्या बेंगळुरूचे. श्यामसुंदर आणि भरत गोयंका या बापलेकांनी १९८६ मध्ये घरच्या धंद्याच्या हिशेबाच्या निमित्ताने ते उभे केले. टॅलीच्या क्लासचे फलक गावोगाव दिसतात, आणि माझी तक्रार तिथेच आहे. बटणे शिकवतात, नोंद का झाली ते शिकवत नाहीत. जमा-नावे न कळता टॅली येणारा मुलगा पहिल्याच चुकीच्या नोंदीत अडकतो, कारण यंत्र बेरीज बरोबरच दाखवते.

टॅलीच्या क्लासखेरीज महाराष्ट्रात सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही परीक्षा आहे. सहकारी संस्थांच्या हिशेब-तपासणीकडे नेणारी ती जुनी, स्वस्त आणि अजूनही चालती वाट. तिच्याकडे आपण उगाच दुर्लक्ष करतो.

तेव्हा घरात कोणी कॉमर्सला असेल तर सुट्टीत त्याला जवळच्या अडत्याकडे किंवा पतसंस्थेत नेऊन बसवा. बँकेचे ताळमेळपत्रक एकदा तरी हाताने, कागदावर करू द्या. टॅलीच्या क्लासची फी त्यानंतर भरा.