माया

मास्तरांचं दुकान जिन्याखाली आहे. घाटकोपर पश्चिमेला, स्टेशनकडून भटवाडीच्या बाजूला निघालं की एका जुन्या इमारतीच्या तोंडाशी. उषाचं पायाने चालवायचं मशीन, एक स्टूल, खिळ्यांना टांगलेल्या पंचवीस-तीस पिशव्या आणि वर विठोबाशेजारी संत नामदेवांची तसबीर. शिंप्याच्या दुकानात नामदेव असणारच, तो त्यांच्यातलाच. जिना जसा चढतो तसं दुकानाचं छत उतरतं. आत फक्त मास्तर मावतात, तेही बसून. गिऱ्हाईक बाहेर, निळ्या ताडपत्रीखाली.

ऑगस्टमधला रविवार, सकाळचे साडेअकरा. गणपती तोंडावर आलेत. पाऊस पडतोय असं नाही आणि थांबलाय असंही नाही. ताडपत्रीच्या पोटात पाणी साचतं आणि मास्तर अधूनमधून लाकडी पट्टीने ते खालून ढोसतात. उभा असलेला माणूस सावध नसेल तर त्याची आंघोळ होते. माझी एकदा झालीय. आज मी पँटची कंबर दीड इंच सैल करून घ्यायला आलोय आणि माझा नंबर दुसरा आहे.

पहिला नंबर एका पोराचा. तेवीस-चोवीस वर्षांचा असेल. अंगात बिनकॉलरचा पांढरा सुती शर्ट, बाह्या दोनदा दुमडलेल्या आणि दोन्हीकडे अगदी सारख्या. काळी अर्धी विजार, पायात साधी रबरी चप्पल. मनगटावर चावीचं जुनं एचएमटी घड्याळ. चपलेपासून बघत गेलं तर कोणीही, घड्याळापासून बघत गेलं तर काहीतरी विचार केलेला माणूस. तो पिशवीतून एक पँट काढतो आणि मास्तरांच्या हातात देतो. राखाडी, पुढे दोन-दोन प्लेटा, कंबर उंच.

"बाबांची आहे. लग्नातली."

मास्तर पँटचं पहिलं काय बघतात, तर तिचा आतला भाग. कमरेच्या पट्टीला आतून कुणा टेलरचं लेबल आहे, कुर्ल्याचं, त्यावर सात आकडी फोन नंबर. म्हणजे मुंबईचे नंबर आठ आकडी झाले त्याच्या आधीची शिलाई. मास्तर लेबलावरून अंगठा फिरवतात. "चांगला हात होता याचा," म्हणतात. दुसऱ्या शिंप्याबद्दल त्यांच्या तोंडून एवढं चांगलं मी पहिल्यांदाच ऐकतोय.

"मोहरी अठरा आहे. मला वीस पाहिजे. बावीस झाली तर उत्तम."

"आणि बाबांना विचारलंस का?"

"बाबांची आता एक मांडी जाते हिच्यात. आई तर बोहारणीला देत होती. एका स्टीलच्या पातेल्यावर सौदा ठरला होता, मी मधे पडलो." तो माझ्याकडे वळून सांगतो, "अशीच पँट मी मोबाइलवर साडेसातशेला घेतलीय, काका. थ्रिफ्ट म्हणून विकतात. कोणाच्या तरी आईने पातेल्यावर दिलेली असणार."

मास्तर पँट पूर्ण उलटी करतात, बाजूची शिवण दोन बोटांत धरून सोलल्यासारखी उघडून दाखवतात. आत दोन्हीकडे बोटभर कापड दुमडून ठेवलेलं.

"माया आहे," ते म्हणतात. "होईल वीस. बावीस नाही."

शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या जादा कापडाला शिंपी माया म्हणतात. माझी आई बहिणीच्या फ्रॉकला खाली चांगली चार बोटं माया ठेवायची, पुढच्या दिवाळीला सोडायला. दरवर्षी त्या फ्रॉकवर एक गडद पट्टा उमटायचा आणि बहीण रुसायची. तो शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकतोय, आणि शेजारचं पोरगं तो पहिल्यांदाच ऐकतंय हे त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. तो दोनदा पुटपुटून बघतो. मग फोन काढून उलट्या पँटचा फोटो घेतो.

मोहरीचा विषय निघाला की मास्तरांना थांबवता येत नाही. 1976 साली, चौदाव्या वर्षी, ते कराडकडच्या गावातून लालबागला मामाच्या दुकानात आले. काज-बटणावर बसवलं होतं. तेव्हा बेलबॉटम होती, मोहरी सव्वीस. "चालताना पाय दिसायचे नाहीत. माणूस सरकतोय असं वाटायचं." गिरण्यांचा बोनस झाला की दिवाळीपर्यंत रात्रीची मशीनं बंद व्हायची नाहीत. मग 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांचा संप, अडीच लाख कामगार बाहेर. हे आकडे सगळ्यांनाच पाठ आहेत. मास्तर जे सांगतात ते मात्र मी कुठे वाचलेलं नाही: त्या वर्षीच्या दिवाळीला दुकानात नवं कापड आलंच नाही. आले ते जुने शर्ट, कॉलर उसवून उलटी लावून घ्यायला. झिजलेली बाजू आत, कोरी बाजू वर. "पन्नास कॉलरी उलटल्या असतील मी. एकानेही नवीन शर्ट टाकला नाही. पुढच्या वर्षी मामाने गाळा सोडला."

त्यानंतरचं ते एका दमात उरकतात. नव्वदची बॅगी, मग सरळ, मग ती पेन्सिल. "चौदाची मोहरी! पायात घालताना पोरं फुटपाथवर एका पायावर नाचायची. दहा वर्षं मी मोहऱ्या मारल्या. आता तेच येतात, मास्तर, उघडून द्या. अरे, कापलेलं मी कुठून आणू? आणि ती उल्हासनगरची जीन्स, तिच्यात मुळात काही ठेवलेलंच नसतं."

मधेच पाणी ढोसलं जातं. मी आणि पोरगा सवयीने एकाच वेळी मागे सरकतो.

उभ्याउभ्या त्याची मतं कळत जातात. मतं भरपूर आहेत, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा काटेकोर. छातीवर कंपनीचं नाव असलेला टी-शर्ट तो घालत नाही, कारण पैसे आपण द्यायचे आणि जाहिरात त्यांची. दहीहंडीला मिळणारा, पुढाऱ्याच्या फोटोचा टी-शर्ट तो घेतो, पण बाइक पुसायला. मंडळाचा आगमनाचा कुर्ता मात्र निमूट घालतो. "तिथे आपण आपण नसतो ना, काका. तिथे सगळ्यांसारखंच दिसायचं असतं."

पण त्याचा खरा सिद्धांत प्रवासाचा आहे. तो चकाल्याला एका ऑफिसात काम करतो. मेट्रोने जायचं तर लिननचा फिका शर्ट चालतो, घाम येत नाही, इस्त्री टिकते. कामासाठी ठाण्याला जायचं असेल तर लोकल, आणि लोकलला गडद रंग, जाड कापड, पुढे खिसा नको. "घाटकोपरला गाडीत शिरतानाच शर्टाचं व्हायचं ते होतं." वर्सोवा-घाटकोपर मेट्रो 2014 च्या जूनमध्ये सुरू झाली तेव्हा तो शाळेत होता. फिकट कपडे घालून ऑफिसला जाता येतं हे तिच्यामुळे कळलं, असं तो अगदी गंभीरपणे म्हणतो. मी हसतो आणि मग गप्प होतो. मी आयुष्यभर करडे आणि तपकिरी शर्ट घेत आलो. आवड म्हणून घेतो असं मला वाटायचं.

पायातल्या चपलेबद्दल मी विचारतो.

"पावसाळ्यात बूट घालणारा मुंबईचा नाही," तो म्हणतो. बूट ऑफिसच्या टेबलाखाली असतात, जूनपासून. कोल्हापुरी कागदात गुंडाळून माळ्यावर. मधे तिच्यावरून त्याला फार भाव मिळाला. 2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये पुरुषांच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला चालवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. इकडून ओरड झाल्यावर मूळ कुठलं ते कबूल केलं. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन 2019 मध्येच मिळालेलं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. "त्या आठवड्यात ऑफिसातल्या तिघांनी विचारलं, कुठून घेतलीस. मी दोन वर्षं तीच घालत होतो. तोवर कोणाला दिसली नव्हती."

खडूने खुणा झाल्यात. आता उंचीवरून वाद सुरू होतो. पोराला पँट टाचेवर टेकायला हवी, थोडी साचलेली. मास्तरांना ते मान्य नाही.

"वीसची मोहरी आणि एवढी उंची? स्टेशनबाहेरचं सगळं पाणी झाडत जाशील. महापालिकेने पगार द्यायला पाहिजे तुला."

"वर घेतली तर शेप जातो, मास्तर."

"शेप घेऊन काय करणार, चिखल आला तर?"

दोघंही थोडा वेळ पँटकडे बघत राहतात. मग मास्तर तोडगा काढतात: खाली दोन इंच आत घेऊन हाताने कच्चे टाके घालून देतो, मशीन मारत नाही. अनंत चतुर्दशी झाली की घरच्या घरी ब्लेडने टाके उसव, पँट खाली येईल. पोराला हे इतकं आवडतं की तो पैशांचं विचारायचंच विसरतो.

"पण एक सांगतो," मास्तर बाजूची शिवण पुन्हा उघडतात. मायेतलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद आहे, जवळजवळ काळपट निळं. एवढी वर्षं त्याला ना ऊन लागलं ना साबण. "हे बाहेर आलं की पट्टा दिसणार. वरपासून खालपर्यंत. धुवून जाणार नाही. पाहिजे तर वरून काळी पायपिंग लावतो, झाकून जाईल."

"नको."

"अरे, लोकांना कळेल जुनी पँट उघडलीय."

"कळू दे ना. मूळ रंग तोच होता. बाबांनी घातली तेव्हा ती अशी होती."

मास्तर काही बोलत नाहीत. शिवण दिसू नये, जोड कळू नये, उलटलेली कॉलर नवी वाटावी, यात त्यांची पन्नासेक वर्षं गेलीत. ते चष्मा वर ढकलतात, उसवायचं ब्लेड घेतात आणि पहिला टाका तोडतात. तुटलेला दोरा फुंकरीने उडवतात.

"दीडशे होतील. गुरुवारी ये."

पोरगा जात नाही. ताडपत्रीच्या कडेला उभा राहून फोनवर काहीतरी लिहितोय. माझा नंबर लागतो. मी पिशवीतून माझी पँट काढतो, मॉलमधली, बऱ्यापैकी महाग. मास्तर ती उलटी करतात, मागची शिवण बघतात, ताणतात, पुन्हा बघतात.

"हिच्यात काहीच नाही, साहेब. धाग्याला धागा. दीड इंच कुठून काढू?"

"मग?"

"मागे पाचर लावावी लागेल. रंग जुळणार नाही." ते खालच्या चिंध्यांच्या पिशवीत हात घालतात, एक तपकिरी तुकडा काढून माझ्या पँटवर ठेवतात, उजेडाकडे धरतात. दुसरा काढतात. तो पहिल्यापेक्षा वाईट.

पोराने फोन खिशात टाकलाय. मान तिरकी करून तो तुकड्याकडे बघतो, मग माझ्या पोटाकडे, मग माझ्या नीट खोचलेल्या शर्टाकडे.

"काका," तो म्हणतो, "तुम्ही इन करणं सोडा."