मुकादमाची वही आणि फेब्रुवारीची शिरगणती

दिवाळीचा फराळ संपायच्या आत जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात कोरडवाहू वस्त्यांवर ऊसतोडीला नेणारे ट्रक लागतात. तळाला बाजरीची पोती, त्यावर पत्र्याच्या पेट्या, मग खोपीचे बांबू, ताडपत्री, हंडे. शेळ्या आणि कोंबड्यांचं डालगं मागाहून. माणसं सगळ्यांत शेवटी चढतात, उरलेल्या जागेत.

मुकादम टपाशी वही उघडून उभा होता. किती माणसं, असं मी विचारलं. "धा कोयते," तो म्हणाला. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी म्हणजे अर्धा. प्रत्येक कोयत्यापुढे पावसाळ्यात दिलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, लिहिलेली. लेकरांचा रकानाच नाही. का, तर "लेकरं कुठं तोडतेत!"

भूगोलाच्या पुस्तकात हे हंगामी स्थलांतर. गावात काम नाही म्हणून निघायचं, काम आहे तिकडे जायचं, इतकं ते सरळ दिसतं. पण अंबडच्या दक्षिणेला गोदावरी आहे, जायकवाडीचा डावा कालवा आहे, अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. ऊस घरापाशी उभा असताना टोळी सांगली-कोल्हापूरची नाहीतर कर्नाटकाची वाट धरते, कारण उचल तिकडची घेतलेली असते. बहुतेक माणसं जवळच्याच ठिकाणी जातात, असा नियम भूगोलतज्ज्ञ रॅव्हेन्स्टाइनने १८८५ साली मांडला. त्याने उचल पाहिली नव्हती.

आता सरकारी मोजणी. २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, म्हणजे गाळप ऐन भरात असताना. नियम असा, की त्या सगळ्या दिवसांत जो घरी नव्हता तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. त्यामुळे जालना जिल्ह्याच्या १९,५९,०४६ लोकसंख्येत जिल्ह्याबाहेरच्या फडावर गेलेले बसत नाहीत. ते मोजले गेले असतील तर तिकडच्या खोपीत, तिकडच्या जिल्ह्याच्या नावावर.

राष्ट्रीय नमुना पाहणीने २००७-०८ मध्ये अल्पकालीन स्थलांतरित वेगळे मोजले. वर्षभरात एक महिना ते सहा महिन्यांच्या आत कामासाठी गावाबाहेर राहिलेले, ही तिची व्याख्या. कारखाना वेळेत बंद झाला तर तोडकरी त्यात बसतो. २०२१-२२ सारखा हंगाम जूनपर्यंत लांबला, की तोच माणूस व्याख्येबाहेर. त्याचं काम मात्र तेच असतं!

गावात नेमकी माहिती असते ती शाळेच्या गुरुजींकडे. कोणतं पोर आजीपाशी राहिलं, कोणाला हंगामी वसतिगृहात घ्यायचं, कोणाच्या हाती तिकडच्या शाळेत दाखवायला शिक्षण हमी पत्रक द्यायचं, हे त्यांना दिवाळीआधी ठरवावंच लागतं. पुढची शिरगणतीही फेब्रुवारी २०२७ मध्येच आहे. तेव्हा ग्रामपंचायतींनी २०२६ च्या दिवाळीआधी, ट्रक लागण्यापूर्वी, गुरुजींना बरोबर घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहून ठेवावं, लेकरांसकट. रेशन, घरकुल आणि वसतिगृहाची मागणी त्या यादीवर करावी.