आधी गिऱ्हाईक, मग माल : २९५ तुकड्यांच्या मंगळगाडीची गोष्ट



नवीन उद्योजकाचा पैसा सगळ्यात जास्त कुठे अडकतो? न खपलेल्या मालात. घरातलं सोनं गहाण टाकून माल भरायचा आणि मग गिऱ्हाईक शोधत फिरायचं. हा क्रम उलटा केला तर काय होतं, ते आज एका खेळण्याकडून शिकूया.

नासाचा क्युरिऑसिटी रोव्हर २६ नोव्हेंबर २०११ ला पृथ्वीवरून निघाला आणि ६ ऑगस्ट २०१२ ला, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी अकराच्या सुमारास, मंगळावर उतरला. मोटारीएवढा आकार, सुमारे ९०० किलो वजन, सहा चाकं. या रोव्हरवर काम केलेल्या स्टीफन पाकबाझ या मेकॅनिकल इंजिनिअरने लेगोचे ठोकळे जोडून त्याचं छोटं मॉडेल तयार केलं. पुढे तेच मॉडेल लेगो कंपनीने बाजारात आणलं. तुकडे फक्त २९५!

सगळं नको, नेमकं हवं

एवढ्या गुंतागुंतीच्या यंत्रातलं २९५ तुकड्यांत काय बसवणार? इथे माणसाची पारख दिसते. खऱ्या रोव्हरच्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंग नाही. एका बाजूची तीन चाकं दोन दांड्यांवर बसवलेली असतात. पुढचं चाक मोठ्या दांडीला, मधलं आणि मागचं छोट्या दांडीला. या दांड्या सांध्यावर वरखाली झुलतात. शिवाय दोन्ही बाजूंच्या मोठ्या दांड्या एकमेकींशी जोडलेल्या असतात. म्हणून एक चाक दगडावर चढलं तरी बाकीची चाकं जमीन सोडत नाहीत आणि मधली पेटी फार कलत नाही. या रचनेला रॉकर-बोगी म्हणतात.

मॉडेलमध्ये हीच रचना खरोखर चालते. एका चाकाखाली पुस्तक सरकवा, मंगळावर गाडी कशी चालते ते हातात कळतं. पुढचा यांत्रिक हातही हलतो. बारीकसारीक वायरी, नळ्या मात्र गाळल्या. ज्याच्यामुळे ती वस्तू 'ती' आहे, ते सोडलं नाही. तुमच्या मालातली रॉकर-बोगी कोणती? मसाला विकत असाल तर वास की डबा? ते आधी ठरवा.

आधी दहा हजार हात वर

आता मुद्द्याचं. त्या वेळी लेगोचा 'कूसू' नावाचा उपक्रम होता. २००८ मध्ये जपानमध्ये सुरू झाला, आज तो 'लेगो आयडियाज' म्हणून ओळखला जातो. कोणीही आपलं मॉडेल तिथे मांडायचं. १०,००० लोकांनी पाठिंबा दिला की कंपनी त्याचा विचार करणार. रोव्हर मंगळावर उतरला, जगभर त्याचीच चर्चा सुरू झाली आणि त्याच लाटेत या मॉडेलने १०,००० चा टप्पा गाठला. मॉडेल आधीपासून तयार होतं, म्हणून लाट पकडता आली. लाट आल्यावर होडी बांधायला घेतली तर हाती काही लागत नाही.

पण १०,००० झाले म्हणजे काम झालं असंही नाही. त्यानंतर कंपनी स्वतः तपासणी करते आणि टप्पा गाठलेली कित्येक मॉडेल्स तिथे बाद होतात. हे मॉडेल २०१३ मध्ये निवडलं गेलं आणि जानेवारी २०१४ मध्ये दुकानात आलं. किंमत २९.९९ डॉलर.

कल्पनेला किती, जोखमीला किती?

या उपक्रमात कल्पना देणाऱ्याला निव्वळ विक्रीच्या १ टक्का मिळतो. म्हणजे एका डब्यामागे ३० सेंटपेक्षा कमीच. "कल्पना माझी आणि मला एवढंच?" असं वाटेल. पण कारखाना, गोदाम, वाहतूक, न खपलेला माल, ही सगळी जोखीम कंपनीची. जोखीम ज्याची, मोठा वाटा त्याचा. तुम्ही स्वतः माल बनवणार असाल तर मोठा वाटा तुमचा आणि डोक्यावरचं ओझंही तुमचंच. म्हणून तर आधी मागणी तपासायची.

तुम्ही काय कराल?

एक सावधगिरी. पाठिंबा फुकट असतो. "छान आहे हो!" म्हणणारे शंभर भेटतील, खिशात हात घालणारे दहा. आपल्याकडचे मूर्तिकार हे पिढ्यानपिढ्या जाणतात. गणपतीच्या आधी गिऱ्हाईक कारखान्यात येतं, मूर्ती पसंत करतं आणि ॲडव्हान्स देऊन नाव लिहून जातं. ती वहीतली नावं हीच खरी मागणी.

तर या आठवड्याचा गृहपाठ:

१. मालाचा एकच नमुना बनवा, पण त्यातली मुख्य गोष्ट अस्सल ठेवा.

२. नातेवाईक सोडून तीस जणांना तो दाखवा.

३. किंमत सांगा आणि थोडा तरी ॲडव्हान्स मागा.

४. किती जणांनी पैसे दिले ते वहीत लिहा. किती जणांनी कौतुक केलं ते लिहू नका.

तीसपैकी कोणीच पैसे दिले नाहीत, तर तुमचं नुकसान एका नमुन्याचं. गोदामभर मालाचं नाही. नमुना बदला, पुन्हा तीस जणांकडे जा. सोनं तोपर्यंत घरातच राहू द्या.