काळजाच्या ठोक्यागणिक एक झटका

मटणाच्या दुकानात कलेजी मागितली की मिळतं ते यकृत. संस्कृतात ‘कालेय’ म्हणजे यकृत, आणि आपला ‘काळीज’ हा शब्द त्याच कुळातला. बोलता बोलता तो बरगड्यांखालून वर सरकला आणि हृदयापाशी जाऊन बसला. म्हणून काळजात धस्स झालं की आपला हात छातीवर जातो. मूळचं काळीज मात्र उजव्या बरगड्यांच्या आड मुकाट्याने राबत असतं.

यकृताच्या कर्करोगावरचा एक उपचार गेली वीस वर्षं कसून तपासला जातो आहे. त्यात या दोन्ही काळजांची भेट होते. यकृतातल्या गाठीला विजेचा झटका द्यायचा, पण हृदयाकडे कान लावून. एका ठोक्याला एकच झटका.

हा उपचार का शोधावा लागला, ते आधी पाहू. २०२२ साली जगभरात सुमारे ८ लाख ६६ हजार लोकांना यकृताच्या कर्करोगाचं निदान झालं आणि साडेसात लाखांहून जास्त माणसं त्याने दगावली. हिपॅटायटिस बी आणि सी, दारू, यकृतात साठणारी चरबी ही त्याची मोठी कारणं. ही कारणं नुसती गाठ तयार करून थांबत नाहीत. सगळं यकृतच हळूहळू निबर, व्रणांनी भरलेलं करून टाकतात. अशा यकृताचा तुकडा कापून काढला तर उरलेल्यावर भागेलच असं नाही. म्हणून लहान गाठींसाठी डॉक्टरांनी सुईचा मार्ग धरला: पोटावरून सुई थेट गाठीत न्यायची आणि रेडिओलहरींनी किंवा मायक्रोवेव्हने गाठ आतल्या आत भाजून टाकायची. हा उपचार आज रुळलेला आहे आणि त्याने अनेकांची आयुष्यं वाढवली आहेत.

पण आगीला पाण्याची अडचण असतेच. हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ पाव हिस्सा यकृतातून जातो, म्हणजे मिनिटाला सुमारे दीड लिटर. गाठ एखाद्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली असली, तर ते वाहतं रक्त सुईची उष्णता वाहून नेतं. चुलीवर ठेवलेल्या भांड्यातून सतत गार पाणी वाहत राहिलं, तर ते भांडं तापणार कसं? नेमक्या त्या कडेला कर्करोगाच्या चार पेशी जिवंत राहतात आणि गाठ परत डोकं वर काढते. गाठ पित्तनलिकेजवळ असली तर संकट उलटं. पित्तनलिकेला ती आच सोसत नाही. आकुंचली किंवा फुटली की नवंच दुखणं मागे लागतं.

म्हणजे न जाळता मारायचं कसं, असा तो प्रश्न होता. त्याचं उत्तर पेशीच्या कुंपणात सापडलं.

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध रेणूंचा दुहेरी पडदा असतो. त्याची जाडी साधारण ५ नॅनोमीटर. असे पंधरा हजार पडदे एकावर एक रचले, तर कुठे माणसाच्या एका केसाएवढी जाडी भरेल. या पडद्याच्या आत आणि बाहेर विजेचा दाब सारखा नसतो. यकृताच्या पेशीत हा फरक ३० ते ४० मिलिव्होल्टच्या आसपास असतो. आकडा किरकोळ वाटतो, पण तो किती पातळ पडद्यावर पेललेला आहे ते पाहा. हिशेब मांडला तर दर मीटरला ७० लाख व्होल्ट इतकं तीव्र विद्युतक्षेत्र निघतं. कोरड्या हवेत सुमारे ३० लाखांवर ठिणगी पडते. म्हणजे ज्या ताणाच्या निम्म्याहून कमी ताणाखाली हवा फाटते, तो ताण आपल्या यकृताची एकेक पेशी जन्मभर, झोपेतसुद्धा, निमूटपणे पेलत असते.

पण त्या पेलण्याला मर्यादा आहे. पडद्यावरचा फरक एका व्होल्टच्या घरात गेला की पडदा हार मानतो. भिंतीवरच्या घड्याळात आपण जो सेल घालतो, तो दीड व्होल्टचा असतो; जिवंत पेशीचं कुंपण त्याहूनही कमी दाबाला उघडतं. पाण्याचे रेणू पडद्यात घुसतात, स्निग्ध रेणू वळून त्यांना वाट करून देतात आणि पडद्याला सूक्ष्म भोकं पडतात. झटका हलका असेल तर थोड्या वेळात भोकं बुजतात आणि पेशी पुन्हा कामाला लागते. झटका जोरदार असेल तर भोकं बुजत नाहीत. आतले क्षार बाहेर आणि बाहेरचे आत धावतात, कॅल्शियम शिरतं, पेशीची ऊर्जा संपते. काही पेशी तिथेच मरतात, काही स्वतःला शिस्तीने आवरतं घेऊन पुढच्या काही तासांत संपतात. जळल्याची खूण कुठेही नसते.

ही गोष्ट माणसाच्या नजरेसमोर फार आधीपासून होती. १७५४ साली फ्रान्समधल्या झाँ-आंत्वान नोले यांनी विजेच्या ठिणग्यांमुळे माणसांच्या आणि जनावरांच्या कातडीवर उमटलेल्या लाल डागांची नोंद केली. ते डाग निव्वळ भाजल्याचे नसून पेशींच्या पडद्यांना पडलेल्या भोकांचेही असावेत, असं आज काही संशोधकांना वाटतं. १९६७ साली सेल आणि हॅमिल्टन या शास्त्रज्ञांनी जिवाणू आणि यीस्ट तीव्र विद्युतक्षेत्राच्या अतिसूक्ष्म झटक्यांनी मारले आणि हे मरण उष्णतेचं नाही, हे दाखवून दिलं. १९८२ साली एबरहार्ड नॉयमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच भोकं दारासारखी वापरली. हलका झटका देऊन पेशीचं दार क्षणभर किलकिलं करायचं आणि बाहेरचं जनुक आत सरकवायचं, ही त्यांची युक्ती होती. पुढे फ्रान्समध्ये लुईस मीर यांनी त्याच दारातून कर्करोगाचं औषध पेशीत पोचवायला सुरुवात केली.

पेशीचं दार किलकिलं करण्याच्या या कामात एक पथ्य होतं: झटका इतका जोरदार होऊ द्यायचा नाही की पेशीच मरेल. पेशी मेली की प्रयोग फसला. २००५ साली राफाएल डावालोस, मीर आणि बोरिस रुबिन्स्की यांनी हे पथ्य उलटं करून पाहिलं. मारायचीच असेल तर? त्यांनी यकृताच्या ऊतीसाठी गणित मांडलं आणि दाखवलं की ऊती शिजण्याइतकी न तापवताही गाठीएवढा भाग नष्ट करता येतो. जी गोष्ट वर्षानुवर्षं टाळली, तीच उपचार ठरली. पुढच्याच वर्षी उंदरांच्या यकृतावर आणि २००७ मध्ये डुकरांच्या यकृतावर ती करून पाहिली गेली. डुकरांच्या यकृताचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर दिसलं ते थक्क करणारं होतं. मेलेला आणि जिवंत भाग यांच्यामधली सीमा चाकूने आखावी तशी होती, आणि रक्तवाहिनीच्या अगदी भिंतीपर्यंत पेशी मेल्या होत्या. वाहिनी मात्र शाबूत होती, तिच्यातून रक्त वाहत होतं.

हे कसं घडतं? रक्तवाहिन्यांचा आणि पित्तनलिकांचा सांगाडा कोलॅजनसारख्या तंतूंचा असतो. तंतू ही पेशी नव्हे, त्याला पडदाच नाही. पडदा नाही तर भोक कशाला पडणार? झटक्याला तंतू दिसतच नाहीत, असं म्हटलं तरी चालेल. घरातली माणसं गेली पण वासे, खांब, तुळया जागच्या जागी राहिल्या, असा तो प्रकार. मग शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी येतात, मेलेलं उचलून नेतात आणि त्याच जुन्या चौकटीवर निरोगी पेशी पुन्हा वस्ती करू लागतात.

प्रत्यक्ष उपचाराची तयारी मोठी असते. रुग्णाला पूर्ण भूल देतात, शिवाय स्नायू शिथिल करणारं औषधही. नाहीतर प्रत्येक झटक्याला सगळं अंग उसळेल. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर बघत बघत जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या सुया गाठीच्या कडेने रोवतात. सुया एकमेकींना समांतर हव्यात, आणि त्यांच्यातलं अंतर साधारण दीड ते दोन सेंटिमीटर. कोणत्याही दोन सुयांमध्ये दर सेंटिमीटरला सुमारे १,५०० व्होल्ट या हिशेबाने झटका जातो. तो टिकतो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही थोडा कमी वेळ. एका जोडीला असे ७० ते ९० झटके.

मी कागदावर आकडेमोड करून पाहिली आणि पेन खाली ठेवलं. अडीच हजार व्होल्ट, ३० अँपिअर, ९० मायक्रोसेकंद असा एक झटका धरू. ९० झटक्यांमध्ये वीज प्रत्यक्ष वाहिली ती एकूण सेकंदाच्या शंभराव्या भागाहून कमी. पापणी लवायलाही याच्या दसपट वेळ लागतो. आणि ऊर्जा? सुमारे ६०० ज्यूल. तेवढ्यात एक कप चहा जेमतेम एका अंशाने गरम होईल! गाठीतले असंख्य पडदे फोडायला एवढं पुरतं. अर्थात सुईच्या अगदी लगत थोडी उष्णता होतेच आणि जोड्या वाढल्या की तीही वाढते, म्हणून तिच्यावरही लक्ष ठेवावं लागतं.

आता त्या ठोक्याविषयी. २०११ साली मेलबर्नच्या आल्फ्रेड हॉस्पिटलमधून माणसांवरच्या पहिल्या मोठ्या सुरक्षा चाचणीचा अहवाल आला. यकृत, मूत्रपिंड आणि फुप्फुसात गाठी असलेले ३८ रुग्ण त्यात होते. सुरुवातीच्या रुग्णांपैकी चौघांच्या हृदयाची लय काही काळ बिघडली. कारण उघड होतं: हृदयसुद्धा विजेवरच चालतं, आणि परकी वीज अवेळी आली की ते गोंधळतं. मग झटका ईसीजीशी जोडला गेला. ठोका पडल्यानंतर हृदयाचे स्नायू एक क्षण कोणत्याही नव्या इशाऱ्याला दाद देत नाहीत. त्या बधिर क्षणाची फट यंत्र हेरतं आणि झटका तेवढ्यात उरकून घेतं. पुन्हा ठोका, पुन्हा फट, पुन्हा झटका. नव्वद झटक्यांना नव्वद ठोके.

त्याच चाचणीत ६९ पैकी ४६ गाठी पूर्ण नष्ट झाल्याचं सीटी स्कॅनवर दिसलं. यश कमी पडलं ते मुख्यतः मूत्रपिंड आणि फुप्फुसात. पुढे ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी ‘कोल्डफायर-२’ नावाची चाचणी घेतली. आतड्याच्या कर्करोगातून यकृतात पसरलेल्या, शस्त्रक्रियाही नको आणि आचही नको अशा अवघड जागी बसलेल्या गाठींचे सुमारे ५० रुग्ण त्यात होते. वर्षभरानंतर ६८ टक्के रुग्णांमध्ये उपचार केलेल्या जागी गाठ परत वाढली नव्हती. बाकीच्यांमध्ये वाढली. काहींना गंभीर गुंतागुंतही झाली.

हे आकडे मला तितकेच महत्त्वाचे वाटतात जितकी त्या पडद्याची किमया. विज्ञान सुंदर आहे म्हणून उपचार आपोआप चांगला ठरत नाही. जिथे आच चालते तिथे आजही आचच आधी वापरतात. विजेच्या झटक्यांचा विचार होतो तो रक्तवाहिनीच्या किंवा पित्तनलिकेच्या कुशीत बसलेल्या गाठीसाठी. दोन्ही उपचार समोरासमोर ठेवून तोलणाऱ्या मोठ्या चाचण्यांचं काम अजून व्हायचं आहे. डावालोस यांच्या गटाने दोन्ही दिशांनी धावणाऱ्या अतिवेगवान झटक्यांची पद्धतही काढली आहे, ज्यात स्नायू कमी उसळतात. न जळता मेलेल्या कर्करोगपेशींचे अवशेष पाहून शरीराची संरक्षणफळी जागी होते का, याचाही शोध चालू आहे; उंदरांमध्ये तशा खुणा दिसल्या आहेत.

दरम्यान एक गोष्ट घडली. ज्या हृदयाला या झटक्यांपासून जपायचं होतं, त्याच हृदयावर आता याच झटक्यांनी उपचार होऊ लागले आहेत. अनियमित धडधड उठवणाऱ्या पेशी शेजारच्या अन्ननलिकेला आणि नसांना फारसा धक्का न लावता संपवता येतात. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पहिल्या यंत्राला मान्यता दिली. यकृतापासून हृदयापर्यंतची जी वाट आपल्या ‘काळीज’ या शब्दाने कधीकाळी चालली, त्याच वाटेने हा झटकाही गेला. पोचला तेव्हा ठोक्याची वेळ सांभाळायला तो आधीच शिकलेला होता.